केगमधला जुना बग
एका श्रोत्याने विचारलंय: केगमध्ये हॉप्स टाकले आणि शांत झालेली बिअर पुन्हा फसफसायला लागली. असं का?

उत्तर १८९३ सालचं आहे. हॉप्स उकळले की कडवटपणा उतरतो, पण बराचसा सुगंध उडून जातो. म्हणून इंग्लंडमधले ब्रुअर पिंपात थेट कोरडे हॉप्स टाकायचे. होरेस ब्राऊन आणि हॅरिस मॉरिस यांनी दाखवलं, की हॉप्समध्येच स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. ते उरलेल्या डेक्स्ट्रिनची साखर करतं, आणि यीस्टला पुन्हा खाऊ मिळतो.

पुढे हे विसरलं गेलं. क्राफ्ट बिअरमध्ये हॉप्स वाढले, बाटल्यांत गॅस जास्त व्हायला लागला, तेव्हा ओरेगनच्या संशोधकांनी हाच धागा पुन्हा उचलला. आमच्याकडेही असंच होतं: बग नवा वाटतो, तिकीट जुनंच निघतं. तर प्रेशर गेजवर लक्ष ठेवा!