शेकोटी, धुराडं आणि बॉयलर

आपल्याकडे घर बघायला गेलं की पहिला प्रश्न पाण्याचा: नळाला किती वाजता येतं, टाकी आहे का? इंग्लंडात तोच मान हीटिंगचा. आमच्या घरातला गॅसचा बॉयलर आता निवृत्तीला आलाय आणि त्याच्या जागी पुन्हा बॉयलर की हीट पंप, हा सध्या आमचा रोजचा वाद आहे. त्या निमित्तानं इथल्या उबेचा इतिहासच वाचत बसलो. (संशोधनाची सवय, दुसरं काय!)

शंभर वर्षांपूर्वी इथे घरात जवळजवळ प्रत्येक खोलीला फायरप्लेस असे. म्हणजे भिंतीतला कोनाडा, त्यात दगडी कोळसा आणि वर धुराडं. आमच्या घरातही चार आहेत, विटांनी बुजवलेल्या. इंजिनिअरच्या नजरेनं हे यंत्र भयंकर! बहुतेक उष्णता धुराड्यातून आकाशात, जाताना खोलीतली गरम हवाही सोबत, आणि तिच्या जागी दाराखालच्या फटीतून गार वारा आत. पोट भाजतंय आणि पाठ गारठलीय अशी अवस्था. १७९० च्या दशकात काउंट रमफर्ड यांनी कोनाडा उथळ केला, त्याच्या बाजू तिरक्या केल्या, धुराड्याचा गळा आवळला. खोलीतला धूर कमी झाला, ऊब वाढली. कोळसा मात्र सुटला नाही.

धुराची तक्रार तर त्याहून जुनी. १६६१ मध्ये जॉन एव्हलिन यांनी लंडनच्या धुराविरुद्ध पुस्तिका लिहून राजाला अर्पण केली होती. पण घरातली आग म्हणजे सगळं कुटुंब जिच्याभोवती बसतं ती जागा. उपदेशानं ती कोण विझवणार?

मग आला डिसेंबर १९५२. युद्धानंतर देश कर्जात, त्यामुळे चांगला कोळसा निर्यातीला आणि घरगुती कोळशावर रेशन. रेशनबाहेर मिळायचा तो 'नटी स्लॅक', म्हणजे कोळशाची भुकटी आणि बारीक खडे. ५ तारखेपासून वारा पडला आणि पाच दिवस लंडनवर धूर कोंडून राहिला. बसच्या पुढे कंडक्टर दिवा घेऊन चालत होते. सॅडलर्स वेल्स थिएटरात धूर शिरला आणि ऑपेरा अर्ध्यावर थांबवावा लागला. तेव्हाचा अंदाज सुमारे ४,००० मृत्यूंचा. नंतरच्या अभ्यासांत तो १२,००० पर्यंत गेला.

सरकारनं आधी हात झटकले, मग ह्यू बीव्हर यांची समिती नेमली. (हो, गिनेस बुकाची कल्पना ज्यांना सुचली तेच हे!) समितीला दिसलं ते असं, की उद्योगांपेक्षा कितीतरी कमी कोळसा जाळूनही धुराचा जवळपास निम्मा वाटा घरांचा आहे. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. ठरावीक भागांत धुराच्या कोळशाला बंदी झाली. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच तरतूद: शेगडी बदलण्याच्या खर्चातले ७० टक्के सरकार आणि नगरपालिका मिळून देणार.

पुढचा टप्पा याहून मोठा. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. तोवरचा गॅस कोळशापासून बनवलेला, त्यामुळे जुने बर्नर चालेनात. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत गॅस खात्याच्या माणसांनी गल्ली गल्ली फिरून सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांची उपकरणं बदलून दिली. बिल ग्राहकाला नाही. शेजारच्या आजींना तो दिवस अजून आठवतो. माणूस सकाळी आला, चहा प्यायला, संध्याकाळपर्यंत काम संपलं.

आता पुन्हा बदलायची वेळ आलीय. हीट पंप एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. पण इथे विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग, म्हणजे बिल कमी होईलच असं नाही. सरकारी अनुदान २०२३ मध्ये ७,५०० पौंडांवर नेलं, तरी बरेचदा वरचे पैसे आपले. कंत्राटदार शोधणं, रेडिएटर मोठे करणं, भिंतींतून ऊब गळू नये म्हणून खटपट, हे सगळं ज्याचं त्यानं बघायचं. तेव्हा गल्ली एकदम बदलली, आता एकेका घरानं एकट्यानं बदलायचं.

आम्ही बहुधा हीट पंपच घेऊ. आकडेमोड जमते, चार पैसे गाठीला आहेत. पण थंडीत एकच खोली गरम ठेवून राहणाऱ्या त्या आजींना 'तुम्हीही घ्या' म्हणायला जीभ रेटत नाही.