रमण्यापासून गणेशगुडीपर्यंत

गणेशगुडीचे नाव बाहेरच्या जगात पोहोचते ते बहुधा सुपा धरणामुळे, नाहीतर काळी नदीतील नौकाविहारामुळे. १०१ मीटर उंचीच्या या धरणाच्या पाण्याखाली जुने सुपे गाव गेले, आणि पूर्वी त्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा तालुका आज जोयडा म्हणून ओळखला जातो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा मुलूख मुंबई राज्यात होता. नंतर तो म्हैसूर राज्यात गेला. इथल्या अनेक घरांत कोकणी वा मराठी बोलली जाते, आणि शाळेत गाठ पडते ती कन्नडशी. अशा ठिकाणी एखादे असाधारण बुद्धीचे मूल जन्मास आले, तर त्याची पारख कोणी आणि कोणत्या भाषेत करावी? हा प्रश्न एका गावापुरता नाही. आपल्याकडील गुणपारखीचा इतिहास चाळताना तो पुनःपुन्हा सामोरा येतो.

पेशवाईत श्रावणमासी पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई. दूरदूरच्या प्रांतांतून विद्वान पुण्यास येत, शास्त्री त्यांची परीक्षा घेत आणि योग्यतेनुसार रक्कम ठरे. स्पर्धा खरी होती. पण रमण्याच्या दारातून आत जाण्याचा अधिकार ब्राह्मणांपुरताच होता. इंग्रजी अमलात या निधीतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे लोकहितवादींसारख्या सुधारकांनी हा पैसा मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा असा आग्रह धरला, आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. विद्येच्या पारितोषिकाची भाषा कोणती असावी, हा वाद तेव्हाही झाला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

स्वातंत्र्यानंतर शासनाने हे काम देशव्यापी पातळीवर हाती घेतले. १९६३ मध्ये दिल्लीपुरत्या दहा शिष्यवृत्त्यांनी राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू झाली; दुसऱ्याच वर्षी ती सर्व राज्यांत जाऊन शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० झाली. लेखी कसोटी, विज्ञानविषयक निबंध, प्रकल्पवृत्त आणि मुलाखत असे तिचे आरंभीचे स्वरूप होते. निबंध आणि मुलाखत या दोहोंत बोलक्या, शहरी, पुस्तकांत वाढलेल्या मुलाचे पारडे जड राहणार, हे सांगावयास नको. १९७६ नंतर योजनेत सामाजिक शास्त्रे आली, वस्तुनिष्ठ प्रश्न आले, कालांतराने राखीव जागाही आल्या. २०२१ नंतर मात्र ही परीक्षा स्थगित आहे. सहा दशके चाललेल्या उपक्रमाचा असा शांतपणे झालेला विराम फारसा कोणाच्या चर्चेत नाही, याचे नवल वाटते.

पुण्यात याच सुमारास एक वेगळा विचार रुजत होता. मानसशास्त्रज्ञ डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. निरनिराळ्या शाळांतील निवडक मुलांना शाळेबाहेर अधिक काही द्यावे, अशी आरंभीची कल्पना होती; १९६९ मध्ये तिची स्वतंत्र प्रशाला झाली. बुद्धिमत्ता शोधून थांबायचे नाही, तिला समाजकार्याशी जोडायचे, हा पेंडशांचा आग्रह. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर संस्था हराळीसारख्या खेड्यात शाळा घेऊन गेली, हे त्या आग्रहाचेच फलित म्हणता येईल.

तथापि माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रयोग मुंबईत झाला, आणि त्याची वाच्यता सर्वांत कमी झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये स्थापन केलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. (भाभांच्या स्वप्नाचे दुसरे रूप, कैगाचे अणुवीज केंद्र, आपल्याच काळी नदीच्या काठी, सुप्याच्या खालच्या अंगास उभे आहे.) जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या शाळांतील अनुभवानंतर या मंडळींनी मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांकडे लक्ष वळविले. त्यांच्यातील होतकरू मुले निवडून काही वर्षे जोपासना केली. शालान्त परीक्षेत त्या मुलांची प्रगती ठळकपणे दिसली. अडसर बुद्धीत नव्हता. तो मोठ्या अंशाने पाठ्यपुस्तकाच्या भाषेत होता. संस्कृतप्रचुर परिभाषा आणि लांबलचक वाक्ये यांत मूल अडखळते आणि आपण समजतो की त्याला विज्ञान कळत नाही. केंद्राने विज्ञानाचा तोच मजकूर सोप्या मराठीत लिहून पाहिला, तेव्हा आकलन वाढल्याचे आढळले. हे लिहिताना माझ्या स्वतःच्या वाक्यांकडे पाहून मला थोडा संकोच वाटतो.

ध्यानात घ्या की ही मुले मराठीभाषक होती आणि पुस्तकेही मराठीच. घरचे आणि पुस्तकातले मराठी यांतील अंतर जर इतके महाग पडत असेल, तर जिथे घर आणि शाळा यांच्या भाषाच वेगळ्या, त्या जोयडा तालुक्यातील मुलाच्या गुणपत्रिकेत नेमके काय मोजले जाते?

काही दारे उघडली आहेत, हेही नमूद केले पाहिजे. १९८५-८६ मध्ये अमरावती आणि झज्जर येथे पहिली नवोदय विद्यालये निघाली. किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना आणि प्रवेशपरीक्षा प्रादेशिक भाषांत, ही त्यांची घडण. उत्तर कन्नड जिल्ह्याचे नवोदय मुंडगोड येथे आहे. शिवाय कर्नाटक शासनाची 'प्रतिभा कारंजी' स्पर्धा आहे. कन्नड 'कारंजी' म्हणजे आपले कारंजे. मराठी कानास मात्र आधी दिवाळीचा फराळ आठवतो. केंद्रशाळांच्या गटापासून तालुका, जिल्हा, राज्य अशी तिची चढती पायरी. तिच्या पाठांतर स्पर्धांत कन्नडबरोबर मराठी आणि कोकणीसही स्थान आहे. घरची भाषा व्यासपीठावर येते, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ती पाठांतरापुरतीच येते. गणित आणि विज्ञान यांच्या कसोट्यांपर्यंत पोहोचत नाही. गणेशगुडीचे मूल पहिली फेरी जिंकले की त्याला जोयड्यास जावे लागते, आणि तिथे जिंकले तर घाटातल्या जंगलवाटेने शिरसीकडे, कारण जोयडा तालुका शिरसी शैक्षणिक जिल्ह्यात मोडतो. शिक्षक बरोबर असला आणि वेळेवर बस मिळाली, तर ते पोहोचते.