ब्रेक दाब, मग बोल!

परवा मित्राची नवी ऑटोमॅटिक गाडी चालवायला घेतली. गिअरचा दांडा 'पी'वरून हलेचना. जोर लावला, तरी ढिम्म! "अरे येड्या, आधी ब्रेक दाब," मित्र म्हणाला. दाबला. आतून 'टक्' आवाज आला आणि दांडा अलगद सरकला. झालं, डोक्यात किडा वळवळायला लागला.

यंत्रणा तशी साधी आहे. दांड्याच्या मुळाशी एक खिटी असते, ती 'पी'मध्ये अडकून बसते. मागचे ब्रेकचे दिवे लावणारा जो स्विच, त्याच्याच इशाऱ्यावर सॉलेनॉइड ती खिटी सोडवतं. म्हणूनच तो स्विच मेला की बऱ्याच गाड्यांत दांडाही अडकतो.

पण ही खिटी आली कुठून? तर अमेरिकेतून. १९८०च्या दशकात तिथे 'ऑडी ५०००'बद्दल तक्रारी यायला लागल्या. 'पी'मधून गिअर काढला की गाडी आपोआप सुसाट सुटते, ब्रेक दाबूनही थांबत नाही! माणसं दगावली, त्यात लहान मुलंही होती. नोव्हेंबर १९८६मध्ये सीबीएसच्या '६० मिनिट्स'ने ॲक्सिलरेटर आपोआप खाली जाताना चक्क टीव्हीवर दाखवला. गंमत (खरं तर संताप) अशी, की त्यासाठी गिअरबॉक्सला भोक पाडून बाहेरून हवेचा दाब दिला होता. प्रेक्षकांना हे कोण सांगणार? ऑडीची अमेरिकेतली विक्री १९८५मध्ये सुमारे ७४ हजार होती, ती १९९१मध्ये १२ हजारांवर आली.

१९८७च्या सुरुवातीला ऑडीने सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावून शिफ्ट लॉक बसवले. १९८९मध्ये सरकारी तपासाचा अहवाल आला: बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता.

म्हणजे 'युजर एरर', तिकीट क्लोज? आपल्याकडे असंच करतात :-) पण त्याच अहवालात हेही होतं, की पेडलांची रचना चुकीला हातभार लावणारी होती आणि काही गाड्यांचं इंजिन बिघाडामुळे मध्येच थोडं उसळायचं, त्याने चालक दचकायचा. ज्या आईबापांनी स्वतःच्या गाडीखाली मूल गमावलं, त्यांना "चूक तुमचीच" म्हणून कसं चालेल? खिटी वाद घालत नाही. पाय ब्रेकवर आहे ना, एवढंच विचारते.

अमेरिकेत ती सक्तीची व्हायला मात्र १ सप्टेंबर २०१० उजाडावा लागला. तेही वेगळ्याच कारणाने: उभ्या गाडीत खेळताना मुलं गिअर पाडायची म्हणून.