गाठीतली आग

चेक-इन काउंटरवर "बॅगेत पॉवर बँक आहे का?" असं विचारलं की आपण वैतागतो. पण या प्रश्नामागचा इतिहास मला आमच्या राळेगावच्या (जि. यवतमाळ) कापसातून कळला.

जिनिंगमध्ये कापसाबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये गेला की ठिणगी उडते. ती रुईबरोबर गाठीत दाबली गेली तर ज्वाळा दिसत नाही. गाठ आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहते. म्हणून जिनवाले आगीपेक्षा न दिसणाऱ्या आगीला जास्त घाबरतात.

आता चला १९४४ च्या मुंबईत. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज १२ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये आलं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं, सोनं, तेलाची पिंपं आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दोन नंबरच्या कप्प्यात तर खाली कापूस आणि वर स्फोटकं! धोकादायक माल असला की लाल बावटा लावायची रीत होती, पण युद्धामुळे तो लावलेला नव्हता. शेजारच्या जहाजांना कळणार कसं?

१४ तारखेला दुपारी धूर दिसला. शेकडो टन पाणी ओतलं, पण धुमसणारा कापूस हाती लागेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच स्मरणार्थ पाळतात.

आता विमान. ११ मे १९९६, फ्लोरिडा, व्हॅल्युजेट ५९२. सामानाच्या कप्प्यात ऑक्सिजन तयार करणारी नळकांडी होती आणि कागदावर लिहिलं होतं 'रिकामी'. ती रिकामी नव्हती. ११० जण गेले. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्या होत्या. काही खोक्यांवर धोकादायक माल म्हणून नोंदच नव्हती. दोन्ही वैमानिक गेले.

म्हणजे बघा, बावटा नाही, लेबल चुकीचं, नोंद नाही. तिन्ही वेळा माल पेट घेणारा होताच, पण जवळच्या माणसाला ते कुणी सांगितलं नव्हतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटा चुकला!

लिथियम बॅटरीही गाठीसारखीच. एक सेल तापला की शेजारचा तापतो, विझली असं वाटतं आणि पुन्हा पेटते. म्हणून १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेता येत नाहीत. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत चालते. का? तर केबिनमध्ये धूर निघाला तर कुणाला तरी दिसतो. विमानाच्या पोटात तो कोण बघणार?

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवरच्या पोरीने विचारलं तर वैतागू नका, खरं ते सांगा. लाल बावटा लावायचं काम आता आपल्याकडे आहे.