घोडी दोघांची, तोटा कोणाचा?



कापसाचे पैसे हाती आले की पुष्कळांना सारंगखेड्याच्या यात्रेची आठवण होते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा तिथला घोडेबाजार प्रसिद्ध आहे. अशाच दिवसांत संग्रामपूर तालुक्यातले दोन मावसभाऊ माझ्याकडे आले. एकाचे पैसे, दुसऱ्याचा गोठा, कडबा-कुटार आणि मेहनत, अशी भागी करून घोडी आणायची, शिंगरं विकायची आणि नफा निम्मा-निम्मा वाटायचा, असा त्यांचा बेत होता. मी एवढंच विचारलं, "घोडी मेली तर?" दोघंही हसले. "साहेब, आमी मावसभाऊ आहो. आमच्यात कायचा कागद?"

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या मुलखात तो शेकडो वर्षांपूर्वीही होता.

शिलेदार आणि बारगीर

शिवछत्रपतींच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. सभासदाच्या बखरीत लिहिलं आहे की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि त्यांच्या घोड्यांसाठी एक पखालजी व एक नालबंद दिलेला असे. म्हणजे पाणी, नाल, चंदी यांची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरलेलं होतं. पागेचा घोडा मेला तर तोटा सरकारचा.

शिलेदाराचं तसं नव्हतं. घोडा हेच त्याचं भांडवल. काही सधन शिलेदार चार-पाच घोडे बाळगून त्यांवर आपले बारगीर बसवीत. पगार सरकारातून शिलेदार घेई, काही भाग बारगिराला देई आणि उरलेल्यात घोड्याचा खर्च व आपला नफा काढी. ही एक प्रकारची भागीच होती. पण घोडा पडला की शिलेदाराची पुंजी जाई आणि बारगिराची भाकरीही जाई. म्हणून आपला घोडा जपण्याकडे शिलेदाराचा कल असे, असं त्या काळच्या इंग्रजांनीही लिहून ठेवलं आहे.

आपल्या शेजारी तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. तिथे 29 नोव्हेंबर 1803 रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे स्वार आर्थर वेलस्लीपुढे हरले. लढाईची हारजीत इतिहासात लिहिली जाते, पण ज्या शिलेदाराचा घोडा गेला त्याच्या घरचा हिशेब कुठेच लिहिला जात नाही. पुढे 1818 साली पेशवाई संपली, घोडदळं मोडली आणि भीमथडीच्या नामांकित घोड्यांची मागणीही ओसरली. जनावर धडधाकट असूनही बाजार पडतो, तो असा.

चंद्याची युक्ती

1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, तो निजामाच्या नावाने ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून त्या फौजेचा खर्च निघे. तिचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचंच होतं.

इंग्रजी अमलातल्या शिलेदारी रिसाल्यांनी एक चांगली युक्ती चालवली. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून 'चंदा' जमा करत. कोणाचा घोडा मेला तर त्या चंद्यातून नव्या घोड्याला मदत मिळे. साधारण दिवसांत हे चाललं. पण 1914 च्या महायुद्धात घोडे एकदम मोठ्या संख्येने लागले, तेव्हा ही पद्धत पुरी पडली नाही आणि 1921 च्या सुमारास ती बंद झाली. चंदा एखाद-दुसऱ्या तोट्याला पुरतो, सगळ्या संकटांना नाही.

आजचा हिशेब

शेत बटईने दिलं तर पीक बुडतं, पण जमीन जागेवर राहते. घोडीचं तसं नाही. ती सुमारे 11 महिने गाभण राहते आणि बहुधा एकच शिंगरू देते. शिंगरू खोगिराजोगं व्हायला 3 वर्षांच्या आसपास लागतात. तोवर चंदी रोजची. त्यात पोटशूळ, सर्रा, धनुर्वात आहेतच. ग्लँडर्स निघाला तर कायद्याप्रमाणे जनावर नष्ट करावं लागतं. हा रोग माणसालाही होतो. म्हणून रक्ततपासणी झाल्याशिवाय सौदा करू नये.

2024 पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात घोड्यांच्या उद्योगालाही 50 टक्के भांडवली अनुदान, कमाल 50 लाखांपर्यंत, मिळू शकतं. पण उरलेली रक्कम आपली किंवा बँकेची असते, हे विसरू नका.

आता कायदा पाहा. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळं ठरलं नसेल तर नफ्यासारखा तोटाही सारखा वाटला जातो. राबणाऱ्या भागीदाराला वेगळी मजुरी मिळत नाही. भागीदारीचं देणं बँक कोणा एकाकडूनही पुरं वसूल करू शकते. भागीदारी नोंदलेली नसेल तर ती मोडून हिशेब मागता येतो, पण करारातला हक्क कोर्टात बजावता येत नाही.

म्हणून घोडी आणण्याआधी एवढं लिहून काढा :

1. घोडी कोणाच्या नावावर, पैसे कोणाचे किती.
2. वैरण आणि रोजच्या मेहनतीची किंमत काय धरायची.
3. घोडी मेली किंवा वांझ निघाली तर तोटा कसा वाटायचा.
4. दरमहा चंदा किती टाकायचा, विमा कोणी भरायचा.
5. एकाला बाहेर पडायचं असेल, किंवा एक वारला, तर मोल कोणी ठरवायचं.

ते दोघे मावसभाऊ आठ दिवसांनी परत आले. पहिल्या दोन कलमांवर एकमत झालं होतं. तिसऱ्यावर वाद झाला होता. त्या वर्षी त्यांनी घोडी आणली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तो वाद मेलेल्या घोडीपुढे झाला असता, तर घोडीबरोबर नातंही गेलं असतं.