अस्वलाच्या पहिल्या शिकारीआधी अलास्कातली मुलं काय शिकतात?

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अस्वलाची शिकार हा गुन्हा आहे आणि त्याला 3 ते 7 वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात मात्र परवाना आणि हंगाम पाळून ती करता येते. तिथे बरीच मुलं वडिलांबरोबर किंवा मामा-काकांबरोबर शिकारीला जातात. 10 वर्षांखालच्या मुलानं जनावर मारलं, तर ते सोबतच्या परवानाधारक मोठ्या माणसाच्या कोट्यात मोजलं जातं.

सुरुवात बंदुकीपासून होते. बंदूक रिकामी असली तरी भरलेली समजायची. नळी कुणाकडेही वळवायची नाही. गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर नाही. आणि अस्वलाच्या मागे काय आहे, हे दिसल्याशिवाय बार काढायचा नाही.

इथे मोठ्यांकडून एक चूक हमखास होते. अस्वल दांडगं, म्हणून पोराच्या हातात तेवढीच दांडगी रायफल दिली जाते. तिचा धक्का खांद्याला एकदा बसला की पोरगं पुढच्या वेळी बार काढतानाच डोळे मिटतं. त्यापेक्षा पेलवेल अशी रायफल बरी, अर्थात अस्वलाला पुरेल इतकी ताकदीची. सराव टेबलावर बंदूक टेकवून पुरत नाही. बसून, गुडघ्यावर, धाप लागलेली असताना नेम धरता यायला हवा.

पण खरी कसोटी आहे थांबण्याची. पिल्लांना आणि पिल्लं सोबत असलेल्या मादीला मारायला तिथे साधारणपणे बंदी आहे. समोरचं अस्वल एकटं दिसतं, पिल्लं मात्र मागच्या गवतात किंवा झाडावर असू शकतात. म्हणून दुर्बिणीतून बराच वेळ नुसतं बघत बसायचं. अस्वल आडवं उभं राहील, पुढच्या पायाच्या मागची छातीची जागा मोकळी दिसेल, तेव्हाच नेम. समोरून चालत येत असेल तर नाही. अंधार पडत आला असेल तर अजिबात नाही, कारण जखमी अस्वल रात्री शोधायची वेळ कुणावरही येऊ नये.

जखमी अस्वल झुडपात शिरलं की सगळ्यात मोठा धोका. दाट केस आणि चरबीमुळे रक्ताचा मागही नीट दिसत नाही. तपकिरी अस्वल ताशी 50 किलोमीटरहून जास्त वेगानं धावू शकतं. म्हणून बार लागल्यावर जागा सोडायची नाही, साधारण अर्धा तास थांबायचं. मग मोठी माणसं पुढे जातात, पोरगं मागे राहतं. हे त्याला घरीच सांगून ठेवलेलं बरं, जंगलात पोरं ऐकत नाहीत. अलास्काच्या काही भागांत नुसतं जखमी केलेलं अस्वलही कोट्यात धरलं जातं.

मिरपुडीचा स्प्रे पिशवीत नको, कमरेला हवा.

धोका घरी आल्यावरही संपत नाही. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचे परजीवी जंत असू शकतात आणि थंड प्रदेशातली त्यांची एक जात गोठवूनही मरत नाही. मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस शिजायला हवं. 2022 मध्ये अमेरिकेत एका कुटुंबानं 45 दिवस गोठवलेल्या अस्वलाच्या मांसाचे कबाब खाल्ले. मांसाचा रंगच गडद, त्यामुळे ते कच्चं राहिल्याचं आधी कळलं नाही. 6 जण आजारी पडले. त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्याच्यासोबत शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या.