मोटरहोमची देखभाल

मोटरहोम म्हणजे झोपणे, स्वयंपाक, स्नान व शौच यांची सोय एकाच सांगाड्यावर असलेले आणि स्वतःच्या इंजिनावर चालणारे वाहन होय. दुसऱ्या वाहनाने ओढून न्यावयाच्या घराला युरोपात कॅरॅव्हॅन म्हणतात. भारतात मात्र हा शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो. प्रस्तुत लेखात मुख्यतः युरोपीय बांधणीच्या मोटरहोमची निगा आणि वापर यांचा विचार केला आहे.

दुहेरी स्वरूप

बहुतेक मोटरहोमचा खालचा भाग, म्हणजे इंजिन, सांगाडा, चाके व चालककक्ष, मालवाहू व्हॅन बनवणाऱ्या कंपनीकडून येतो. युरोपात फियाट डुकाटो हा त्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा पाया आहे. त्यावरील घर दुसरा कारखानदार बांधतो. त्यामुळे देखभालीचेही दोन स्वतंत्र भाग पडतात. इंजिनतेल, ब्रेक, पट्टे इत्यादींची तपासणी मूळ व्हॅनच्या वेळापत्रकाप्रमाणे होते. निवासी भागाची, म्हणजे ओल, गॅस, पाणी व वीज यांची तपासणी वर्षातून एकदा वेगळी करावी लागते. ब्रिटनमधील सक्तीच्या वार्षिक वाहनतपासणीत ब्रेक, दिवे, टायर, धूर यांची पाहणी होते, परंतु स्वयंपाकाच्या गॅसची नळी किंवा भिंतीतील ओल तपासली जात नाही. रस्त्यावर चालण्यास योग्य ठरलेले वाहन राहण्यास सुरक्षित असेलच असे त्यावरून मानता येत नाही.

ओल

निवासी भागाचा सर्वांत खर्चिक दोष म्हणजे ओल. पारंपरिक बांधणीच्या भिंतीत बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्या व उष्णतारोधक फोम आणि आत प्लायवूड असे थर असतात. खिडक्या, छतावरील झरोके, कडेच्या पट्ट्या, बाहेरचे दिवे, इतकेच नव्हे तर प्रत्येक स्क्रू ही पाणी शिरण्याची संभाव्य जागा असते. वाहन चालताना सांगाडा सतत किंचित पिळवटतो आणि काही वर्षांत सांध्यातील सीलंट कडक होऊन चिरते. शिरलेले पाणी लाकडी पट्टीवरून वाहत जाते, त्यामुळे डाग दिसतो एकीकडे आणि गळती असते दुसरीकडे. आतला कागद फुगेपर्यंत पट्टी कुजून गेलेली असण्याचा संभव असतो.

कुबट वास, बोटाने दाबताच मऊ लागणारे प्लायवूड, पावलाखाली दबणारी जमीन ही ओलीची लक्षणे होत. तपासनीस ओलमापकाच्या दोन टोचण्या भिंतीला लावून आर्द्रतेचे प्रमाण पाहतात. साधारणतः १५ टक्क्यांपर्यंतचे मोजमाप चिंताजनक मानले जात नाही. ते ३० च्या पुढे गेल्यास आतील लाकूड खराब झाल्याची शक्यता धरली जाते. एकच आकडा फारसे सांगत नाही. दरवर्षी त्याच जागी घेतलेल्या नोंदींची तुलना अधिक उपयोगी ठरते. जुन्या सांध्यावर नुसते सिलिकॉन फासणे हा उपाय नव्हे, कारण त्याने आत अडकलेले पाणी आतच राहते. जुने सीलंट पूर्ण खरवडून, लाकूड वाळवून, मग लवचीक राहणारे नवे सीलंट भरावे लागते. धुताना उच्च दाबाचा फवारा सांध्यांवर व झरोक्यांवर मारू नये.

सगळी ओल गळतीचीच असते असे नाही. बंद वाहनात रात्रभर झोपलेल्या माणसांच्या श्वासातून व स्वयंपाकातून निघालेली वाफ थंड भिंतींवर साचते. ऊब टिकावी म्हणून वायुवीजनाची छिद्रे बुजवणारे प्रवासी या ओलीला आणि त्याहून मोठ्या धोक्यालाही आमंत्रण देतात.

गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड

शेगडी, पाणी तापवणारे यंत्र, खोली उबदार ठेवणारे यंत्र आणि बहुधा शीतपेटीही द्रवरूप पेट्रोलियम वायूवर चालते. ब्युटेन शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो. हिवाळ्यात भरलेली टाकी असूनही शेगडी पेटत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते. दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास ते जमिनीलगत साचतात. म्हणून गॅसच्या कप्प्याच्या तळाला छिद्र ठेवलेले असते आणि ते कधीही झाकू नये. गळती साबणाच्या पाण्याने शोधावी, काडी पेटवून नव्हे. रबरी नळीवर छापलेले वर्ष पाहून तिची मुदत संपताच ती बदलावी.

हवा अपुरी पडल्यास ज्वलन अपूर्ण राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. डोकेदुखी व मळमळ ही लक्षणे झोपेत लक्षात येत नाहीत. झोपण्याच्या जागेजवळ सूचक यंत्र बसवणे आणि शेगडीचा उपयोग खोली उबवण्यासाठी न करणे, या दोन गोष्टींत तडजोड नसावी.

पाणी

कडाक्याच्या थंडीत गोठलेले पाणी प्रसरण पावून नळ, पंप व तापकाची टाकी फोडते. त्यामुळे वापर नसताना सर्व टाक्या रिकाम्या करून नळ उघडे ठेवतात. मिश्रनळ मध्यावर ठेवावा, म्हणजे गरम व गार दोन्ही नळ्या रिकाम्या होतात. हंगामाच्या आरंभी पिण्याच्या पाण्याची टाकी निर्जंतुक करावी. सांडपाणी आणि शौचपेटी ठरवून दिलेल्या जागीच रिती करावयाची असते.

वीज

वाहन सुरू करण्याची आणि घराची अशा दोन बॅटऱ्या असतात. शिसे-आम्ल प्रकारच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब विश्रांत अवस्थेत १२.७ असल्यास ती पूर्ण भरलेली समजावी, १२.२ च्या खाली ती वारंवार उतरू दिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम बॅटरी अधिक खोलवर वापरता येते, मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये.

वजन व टायर

युरोपातील बहुसंख्य मोटरहोमची वजनमर्यादा ३,५०० किलो असते, कारण मोटारगाडीच्या सामान्य परवान्याची मर्यादा सहसा तीच असते. रिकामे वाहनच तिच्या इतके जवळ असते की १०० लिटर पाणी, म्हणजे १०० किलो, सायकली आणि छत्रछप्पर चढवताच मर्यादा ओलांडली जाते. सर्व सामान व प्रवासी भरून काट्यावर वजन करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूच्या चार अंकी खुणेतील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. नक्षी शाबूत असली तरी कडेला बारीक भेगा दिसल्यास टायर बदलावेत. एकाच जागी महिनोन्महिने उभ्या वाहनाच्या ब्रेकची चकती गंजते आणि टायर एका बाजूने चपटा होतो. जागेवर इंजिन चालू ठेवल्याने यातले काही टळत नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवणे अधिक हिताचे.

भारतातील परिस्थिती

भारतात अशा वाहनांसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या चित्रसृष्टीतील व्हॅनिटी व्हॅन हे या वाहनाचे मराठी वाचकांना परिचित असे नातलग म्हणता येईल. येथे पाणी गोठण्याची चिंता हिमालयापुरतीच उरते. उलट कोकणातील चार महिन्यांच्या पावसात सांध्यांची परीक्षा अधिक कठोर होते. गॅसवर चालणारी शोषण-पद्धतीची शीतपेटी बाहेरचे तापमान वाढले की कमी थंडावा देते, त्यामुळे उष्ण प्रदेशात कॉम्प्रेसरची शीतपेटी आणि तिला पुरेल एवढी बॅटरी घेणे सोयीचे ठरते. मोसमी पावसापूर्वी छतावरील सांधे तपासावेत आणि पाऊस ओसरल्यावर कपाटे, गाद्या व जमिनीखालचा भाग उघडून वाळवावा.